तिसऱ्या लाटेनंतर

आयुष्यात मला सौद्यात एकाच माणसाने हरवले, आणि तो माणूस सौदा करतच नव्हता. हे आठवले की अजून माझी कानशिले तापतात.

मी जुन्या वस्तूंचा व्यापारी. पंधराव्या वर्षी सायकलला गोणपाट बांधून रिकाम्या बाटल्या आणि फुटके पितळ गोळा करायला लागलो. आज कुडाळला रस्त्यालगत माझा मोठा गाळा आहे. जुने दरवाजे, समया, झोपाळ्याच्या कड्या, जहाजांवरचे कंदील माझ्याकडे येतात आणि इथून हॉटेलवाल्यांकडे जातात. हे सगळे मी तोंडाच्या जोरावर उभे केले. माझा आवाज मोठा आहे, हे मी नाकारत नाही. आठवड्याच्या बाजारात उभा राहून कमावलेला आवाज आहे तो. पण म्हणून माणसाचे नावच ‘आवाज’ ठेवायचे? आणि तेही सगळ्या आचरा गावासमोर?

ज्यांनी ते ठेवले त्यांना स्वतःलाही टोपणनावच होते. गाव त्यांना ‘बिनतारी’ म्हणायचा. मी बिनतारी काका म्हणायचो. मालवाहू जहाजांवर त्यांनी बिनतारी यंत्रावर काम करत उभी हयात काढली होती. कानाला हेडफोन, हाताखाली कट्‌-कट्‌-कडकट्‌ आणि खाली समुद्र. निवृत्त होऊन ते आचऱ्याला परत आले, तेव्हा सोबत तीन गोष्टी होत्या: दोन मनगटी घड्याळे, जहाजाच्या बिनतारी खोलीतले एक भिंतीवरचे घड्याळ आणि पेटीभर ग्रामोफोनच्या तबकड्या. मनगटावर ते दोन्ही घड्याळे बांधायचे. एक गावाच्या वेळेचे, दुसरे ग्रीनविचच्या. चहा मात्र ग्रीनविचने. काकी म्हणायच्या, “माका विचारू नुको बाबा. हे सकाळचो चाय दुपारी जेवणार बसताना मागतत.”

त्या भिंतीवरच्या घड्याळासाठीच मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभा राहिलो. पितळी चौकट, जाड काच आणि आकड्यांच्या चकतीवर लाल रंगाच्या दोन पाचरी: एक सव्वाच्या, म्हणजे पंधराव्या मिनिटाच्या पुढे, एक पाऊणच्या, म्हणजे पंचेचाळिसाव्या मिनिटाच्या पुढे. असली घड्याळे मुंबईचे लोक डोळे मिटून घेतात. मी ओट्यावर बसलो, पाणी प्यालो, गावच्या गोष्टी काढल्या. मग सहज विचारल्यासारखा भाव सांगितला.

काकांनी तोंड उघडले आणि तसेच मिटले. नजर समोरच्या माडावर लावून गप्प बसले.

मला वाटले, मुरलेला गडी आहे. मी भाव वाढवला. काही नाही. मान किंचित वाकडी, डोळे अर्धे मिटलेले. पुन्हा वाढवला. काही नाही. मला घाम फुटला. सांगतो, तीस वर्षांच्या धंद्यात माझ्यासमोर इतका गप्प माणूस बसला नव्हता. मी तिसऱ्यांदा वाढवला, तेव्हा माझा सगळा नफा त्यातच गेला होता.

त्यानंतर काकांनी खोकून घसा साफ केला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, “हां. काय म्हणी होतंस तू?”

“चारदा सांगितलंय, काका!”

“माझी शांतता चालू होती. दर पाऊणाक तीन मिनिटा गप ऱ्हवूक होया. घड्याळ काय इकूचा नाय.”

तेव्हा कळले. पूर्वी समुद्रावर दर तासाला दोनदा, तीन-तीन मिनिटे, जगातली सगळी जहाजे आपली यंत्रे गप्प ठेवायची. कोणी बोलायचे नाही, फक्त ऐकायचे. एखाद्या बुडत्या बोटीची क्षीण हाक एरवीच्या गोंगाटात हरवते, ती त्या तीन मिनिटांत ऐकू यावी म्हणून. लाल पाचरी त्याच्याच. जहाजे सुटली, तार गेली, यंत्रे भंगारात माझ्यासारख्यांकडे आली, पण काकांची तीन मिनिटे सुटली नाहीत. सव्वाला आणि पाऊणला ते असतील तिथे थबकायचे. बाजारात, देवळात, जेवताना घास हातात धरून. एकदा म्हणे त्यांच्या घरी कोणी पाहुणा रागाने भांडायला आला होता, तो त्या तीन मिनिटांत आपले भांडणच विसरला.

“कोणाची हाक इलेली काय कधी?” मी विचारले.

“एकदा,” ते म्हणाले. “मच्छीमार होते. पाच जण.” पुढे काही बोलले नाहीत, आणि ही शांतता घड्याळाची नव्हती.

घड्याळ नाही तर नाही, पण रिकाम्या हाताने घरी जायचे कसे? मी तबकड्यांच्या पेटीकडे बोट केले. काकांचा चेहरा असा उजळला की मला वाटले, आता हा माणूस सापडला. त्यांनी पेटीतून एक तबकडी काढली. वेष्टण कडांना पिवळे पडलेले, पण आतली तबकडी काळीभोर, एक ओरखडा नाही. इंग्लंडमधल्या कुठल्याशा बंदरात घेतलेली. एका इंग्रज संगीतकाराची शेवटची सिंफनी.

“शेवटची म्हणजे?”

“म्हणजे शेवटची. बाबा म्हातारो होतो. ज्या दिवशी हेचा रेकॉर्डिंग, तेच दिवशी पहाटे गेलो. सगळे वाजवणारे जमले, आणि खबर इली.”

“मगे?”

“मगे वाजवल्यानी. दुसरा काय करतले?”

त्यांनी तबकडी लावली. सुई टेकवताना त्यांचा हात ज्या हळुवारपणे खाली येत होता, तसा हात मी फक्त तान्ह्या मुलाला पाळण्यात ठेवणाऱ्या बायकांचा पाहिला आहे. आधी एक वयस्क साहेब दोन वाक्ये बोलला. बाबा वारल्याचे तो सांगत होता, असे काकांनी कानात सांगितले. मग वाजायला लागले. खरे सांगतो, मला त्यातले ओ की ठो कळले नाही. पण मध्येच लग्नाच्या बँडात असतो तो सॅक्सोफोन निघाला, एक नव्हे, तीन, आणि असे विचित्र, उदास, खोडकर वाजायला लागले की मी सावरून बसलो. काका हवेत बोट फिरवत होते. “बघ, बघ, आता इले ते!” अर्धा तास झाला तरी मी उठलो नाही. सव्वाची शांतता मध्येच आली, तर काकांनी फक्त बोट खाली घेतले. तबकडीपुरती त्यांना सूट होती.

शेवटाकडे तीन लाटा येतात. एक मोठी उसळते आणि थांबते. दुसरी त्याहून मोठी. तिसरी आली की वाटते छप्पर जाईल. आणि तिसरीनंतर तो सूर मागे, मागे, ओहोटीसारखा खेचला जातो. काका पुढे झुकले. श्वास रोखला. आणि माझ्या खिशातला मोबाइल वाजला. कुठले लग्नातले गाणे लावले होते मी त्यावर, दणदणीत.

काकांनी चष्मा काढला आणि आत बघून काकींना सांगितले, “गो, ह्यो आवाज आधी भायर घाल.”

झाले. दुसऱ्या खेपेला आचऱ्याच्या तिठ्यावर मासळीवालीने पाटी खाली ठेवून विचारले, “तूच काय रे तो आवाज?” पुढे चहावाल्यापासून एसटीच्या वाहकापर्यंत सगळे. पाठ वळली की हसू. मी धंद्यात शिव्या खाल्ल्या आहेत, पण अशी नाचक्की कधी झाली नव्हती.

मी पुन्हा तिकडे फिरकलोच नसतो. पण मुंबईच्या एका गिऱ्हाइकाला मी बोलता बोलता त्या तबकडीचे वर्णन केले. गेल्या काही वर्षांत शहरात पुन्हा तबकड्यांचे वेड आले आहे, आणि हा त्या वेड्यांचा राजा. वेष्टणाचा रंग, बोलणारा साहेब, पहाटे वारलेला बाबा, एवढे ऐकल्यावर त्याने मला सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावले. मग तो जवळजवळ ओरडला, “ती पहिली छपाई आहे! ती माझ्यासाठी आणा!” त्याने जो आकडा सांगितला, तो ऐकून मी खुर्चीतून उठलो.

त्याच संध्याकाळी मी आचऱ्याला. जाताना कुडाळहून काकींसाठी गुळाचे खाजे घेतले. काकांनी ओट्यावरूनच सांगितले, “आवाज इलो गो. तेच्या गाडयेचो मागचो ब्रेक घासता.” खरेच घासत होता.

मी तबकडीचा विषय काढला. पैसे नकोत म्हणाले. मी त्यांच्यासाठी नवा रेकॉर्ड प्लेअर देऊ केला. नको. मी चिडलो. “काका, कसलो देव करून ठेवलास तेचो? वरसाक एकदा वाजवतास, मगे परत पेटयेत!”

ते एकदम म्हणाले, “तबकडी घेवन जा. पण माका तेचो शेवट आयकव.”

“म्हणजे?”

“पन्नास वरसा माझ्याकडे आसा ती. शेवट मी आयकलंयच नाय.”

मग त्यांनी सांगितले आणि मी पहिल्यांदाच त्यांना इतके बोलताना ऐकले. जहाजावर लावली तर खाली इंजिनाची घरघर. घरी लावली तर तिसऱ्या लाटेनंतर नेमका कोणाचा मिक्सर, कोणाचा कोंबडा, नाही तर वारा. तो सूर अगदी बारीक होत जातो आणि कुठेतरी संपतो. कुठे, ते त्यांना ठाऊक नव्हते. हेडफोन त्यांना नकोच होता; त्यात जन्मभर बुडत्यांच्या हाका शोधल्या होत्या. “बुडत्या बोटीची हाक मी आयकलंय, माका ह्या आयकूक मिळना नाय,” ते म्हणाले. आणि वेळ फार नव्हता. कुडाळच्या डॉक्टरने कान तपासून सांगितले होते: वरचे सूर गेले आहेत, आता मधले जातील.

“हो सौदो?” मी विचारले.

“हो सौदो. शेवट आयकलंय की तबकडी तुझी.”

मी हात पुढे केला. त्यांनी धरला. माझ्या अंगात वीज आली. शांतता! मी पितळ घेतले होते, सागवान घेतले होते, एकदा अख्खा जिना घेतला होता. शांतता मी कधी विकत घेतली नव्हती. पण ज्याला भाव आहे ते मिळते, हा माझा धंद्याचा मंत्र.

आठ दिवस मी त्या वाडीत सौदे केले. मिक्सरवालीला पितळी कढई. भाताच्या गिरणीवाल्याला खिडकीची गजांची चौकट. समोरच्या घरात गवंडी काम चालू होते, त्यांना त्या दुपारी माझ्या खर्चाने मटणाचे जेवण, लांबच्या घरी. उरला शेजारचा गुणो. देवळात गाऱ्हाणे घालायला गाव त्यालाच पुढे करायचा. गाऱ्हाणे म्हणजे देवाला घातलेले साकडे: एकाने मोठ्याने मागणे मांडायचे आणि तो थांबला की बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. गुणो काहीही नको म्हणाला. “कोंब्याक मी टोपलीखाली घालतंय, काळोखात तो गप ऱ्हवता. फक्त माका आयकूक बसूक दी.”

इथेच मी चुकलो. आपल्या माणसांना गप्प राहा म्हटले की ती कशासाठी गप्प राहायचे ते बघायला येतात. त्या दुपारी काकांच्या अंगणात चाळीस माणसे गप्प राहायला जमली. चटया घेऊन. काका हरखून गेले. म्हणाले, “मगे गाऱ्हाणा घालूकच होया.” गुणो पुढे झाला, हात जोडले:

“बा देवा म्हाराजा! आज जी काय ही सायबाची तबकडी हय वाजतली, ती शेवटापर्यंत नीट वाजू दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेच्या आड कोणाचो कोंबो, कोणाचो मिक्सर, कोणाचो मोबाइल येत असात,” इथे चाळीस जणांनी माझ्याकडे पाहिले, “तर तेचा तोंड बंद कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

तबकडी सुरू झाली. आणि काय सांगू! वाडीत पान हलत नव्हते. म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. सॅक्सोफोन आले तशी पोरे दात काढून हसली, पण आवाज न करता. दुसरी बाजू लागली. मी घड्याळ बघत होतो, मनात मुंबईला फोन लावत होतो. पहिली लाट आली. उसळली. थांबली.

त्या थांबण्यात गुणोच्या तोंडून निघाले, “व्हय म्हाराजा!”

आणि मागोमाग चाळीस तोंडांतून, एका सुरात, “व्हय म्हाराजा!”

माणूस जन्मभर जिथे थांबा येईल तिथे हेच म्हणत आला असेल, तर दुसरे काय होणार? आज मला हे कळते. तेव्हा माझे डोके फिरले. “शिरा पडो तुझ्या तोंडार, गुण्या! आठ दिवसांची माझी मेहनत!” मी उठून त्याच्या अंगावर गेलो. तो म्हणाला, “मेल्या, तू कित्याक बोंबलतंस?” लोक मध्ये पडले. त्या गदारोळात दुसरी लाट गेली, तिसरी गेली, सूरही गेला.

काकांनी सुई उचलली. मला वाटले, गुणोला आता काही खरे नाही. पण ते गुणोकडे बघून म्हणाले, “बरोबर जाग्यार म्हटलंस हां. त्या बाबाक आवडला असता.” मग माझ्याकडे वळले. “आणि तू रे? तुका गाऱ्हाण्यातसून वगळूक होया होता.”

चूक गुणोची, आणि बोल मला! त्या दिवशी गाडी चालवत परत येताना मी ठरवले, संपले. गेली तबकडी खड्ड्यात.

महिना गेला. मग गावपळणीचा कौल झाला.

आचऱ्याची ही रीत. तीन-चार वर्षांनी देव कौल देतो आणि सगळा गाव गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री, भांडीकुंडी घेऊन वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री. आत माणूस राहायचा नाही, चूल पेटायची नाही, दिवा लागायचा नाही. मला बातमी कळली तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला कपाट दाखवत होतो. कपाट तसेच उघडे टाकून मी गाडीवर बसलो.

“काका!” मी अंगणातूनच ओरडलो. “अख्खो गाव रिकामी! कोंबो नाय, मिक्सर नाय, गुणो नाय! तुमी आत ऱ्हवा. मी बॅटरी आणतंय. कोणाक कळाचा नाय!”

काका गप्प झाले. मी भिंतीवर पाहिले. काटा लाल पाचरीत नव्हता.

काकी दारात येऊन म्हणाल्या, “झिला, दर गावपळणीक हेंच्या मनात ह्याच येता. माका ठावक आसा.”

मग काका म्हणाले, “नाय.”

“कित्याक नाय? जरा डोक्यान विचार करा, काका! असली शांतता दुसरी खंय गावतली?”

“गावान देवाक शब्द दिलो आसा, सगळे जातलो म्हणून. जहाज सोडूचा म्हटला की सोडूचा. बिनतारीवालो शेवटाक उतारता, पण उतारता.” मग चष्मा पुसत म्हणाले, “आणि लपान आयकलेली शांतता चोरीची. तेच्यात माका माझीच धडधड आयकाक येतली.”

मी संतापाने ओट्यावर बसून राहिलो. मग माझ्याच डोक्यात आले. रिकाम्या गावाच्या आत नको, पण त्याच्या काठाला काय हरकत आहे? खाडीच्या पलीकडे, हद्दीबाहेर, माडाच्या विणलेल्या झापांची झोपडीसारखी एक खोप सगळ्यांत पुढे घालायची. तोंड गावाकडे.

काकांनी दोन्ही घड्याळांकडे पाहिले. “सव्वासहाक संपाक होई,” म्हणाले.

गावपळणीच्या पहिल्या दिवशी माझ्या टेम्पोतून आचऱ्याबाहेर गेलेला सगळ्यांत विचित्र संसार काकांचा होता: एक चूल, दोन गोधड्या, तांदळाची गोणी, रेकॉर्ड प्लेअर, दोन स्पीकर आणि तबकडी, काकींच्या लुगड्यात गुंडाळलेली. खोपीत मी चिरे रचले, वर फळी टाकली, करवंटीत पाणी ठेवून ती समतल आहे का पाहिले. टेम्पोची बॅटरी जोडली. मागे शंभर खोपी, फुगड्या, भजने, हंबरणारी गुरे, भाकऱ्यांचा वास. जत्राच. इथे कसली शांतता? कोणाकोणाशी सौदा करू? मी उठायला लागलो, तर काकांनी माझा शर्ट धरला. “बस. आज कोणाक काय सांगू नुको.”

दुसरी बाजू त्यांनी सहाच्या आधी लावली. पहिली दहा मिनिटे भजनाच्या टाळांतच गेली. मी मुठी आवळून बसलो होतो.

आणि मग दिवेलागण झाली.

रोज या वेळी खाडीपलीकडे एकेक दिवा लागतो. आज सूर्य गेला, माड काळे झाले, आणि पलीकडे काहीच लागले नाही. एकही नाही. बायका सवयीने उठून हात जोडायला वळल्या आणि आपापल्या घरांच्या दिशेने बघत उभ्या राहिल्या. फुगड्या थांबल्या. टाळ खाली आले. कोणी कोणाला गप्प बस म्हटले नाही. शंभर खोपींतली माणसे आपल्या काळोख्या गावाकडे बघत होती आणि त्या सगळ्यांवरून साहेबाचे वाजणे पाण्यावर चालले होते.

शांतता! फुकटात! एक पैसा न देता!

पहिली लाट आली. उसळली. थांबली. मी दचकून मागे पाहिले. गुणो होता, आणि त्याने स्वतःच्या पंच्याचा बोळा तोंडात कोंबला होता. डोळे बाहेर आले होते त्याचे. दुसरी लाट. गुरेसुद्धा गप्प. तिसरी आली, खोपीचे झाप थरथरले असे मला वाटले, आणि सूर मागे ओढला जायला लागला. बारीक, आणखी बारीक. मी आयुष्यात इतक्या जिवाने काही ऐकलेले नाही. खाडीच्या पाण्याच्या कडेला तो लागला, त्याच्यावर सरकला आणि गेला.

संपला.

सुई शेवटच्या मोकळ्या चरीत पडली. टक. टक. टक. मला स्पष्ट ऐकू येत होते. काकांकडे पाहिले, तर त्यांचा उजवा हात हवेत तसाच होता. मान वाकडी, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर इतकी ओढ की बघवेना. ते अजून ऐकत होते. टक. टक. डॉक्टरने सांगितलेले मला आठवले. ही टकटक त्यांना ऐकू येत नव्हती. कुठे संपला तेही त्यांना कळले नव्हते.

डोळे न उघडता त्यांनी विचारले, “संपलो काय रे, आवाज?”

‘हो’ म्हटले असते की तबकडी माझी. मुंबईचे गिऱ्हाईक, तो आकडा, सगळे माझ्या तोंडात होते.

मी अगदी हळू म्हणालो, “नाय काका. अजून आसा.”

ते हसले. हात तसाच ठेवून बसून राहिले. मी त्यांच्या मनगटाकडे पाहिले. सहा वाजून पंधरा. सहा सतरा. अठरा झाले तसा त्यांनी हात खाली घेतला आणि काकींना म्हणाले, “गो, चाय टाक.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तबकडी मागितली. सौदा तो सौदा.

“खंयचो सौदो?” काका म्हणाले.

“शेवट आयकलास मा तुमी?”

“खंय? मी तुका विचारलंय, तू सांगितलंस अजून आसा. मगे सुई उचालली. शेवट खंय झालो? सौदो पुरो जावक नाय.”

मी असा ओरडलो की दोन खोपींपलीकडची म्हैस उठून उभी राहिली. “मी तुमच्यासाठी खोटा बोललंय!”

“ता तुझा नुकसान,” ते म्हणाले आणि मान वाकडी करून गप्प झाले. पाऊणची वेळ झाली होती.

काकी मला टेम्पोपर्यंत सोडायला आल्या, पदराने हसू दाबत. म्हणाल्या, “झिला, रागावू नुको. काल हेंचो डावो हात त्या प्लेअरार होतो. सुई टकटकली की बोटाक लागता हेंका. संपलेला हेंका कळलेला.”

म्हणजे माणसाला सगळे ठाऊक होते! मी खोटे बोललो तेही ठाऊक होते, आणि ते शांतपणे गाठीला बांधून सकाळी माझ्याच गळ्यात घातले! मी कित्येक महिने तिकडे गेलो नाही. नंतर मात्र गेलो की ते तबकडी लावायचे, तिसरी लाट आली की सुई उचलायचे आणि म्हणायचे, “पुढचा पुढच्या खेपेक.”

गेल्या श्रावणात काका गेले. तेराव्यानंतर काकींनी मला बोलावले. घड्याळ आणि तबकडी एका गोणपाटात बांधून ठेवली होती. “तुझ्याकडे ठेव म्हणान सांगितल्यानी. इकूक नाय हां. ठेवूक.” आयुष्यात पहिल्यांदाच भाव न विचारता मी गोणपाट उचलले.

घड्याळ आता माझ्या गाळ्यात भिंतीवर आहे. परवा मुंबईचे ते गिऱ्हाईक स्वतः आले, गाडी घेऊन. तबकडी हातात घेतली, उजेडात फिरवली. त्याने भाव सांगितला. मी तोंड उघडले आणि माझी नजर भिंतीवर गेली. काटा लाल पाचरीत शिरत होता. मी तोंड मिटले आणि मान जराशी वाकडी केली.

त्याने भाव वाढवला. बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला. त्याने घाम पुसला आणि पुन्हा वाढवला. लांब कुठेतरी कोंबडा आरवला. त्याने तिसऱ्यांदा वाढवला, आणि आता तो आकडा असा होता की सायकलवर बाटल्या गोळा करणारा तो पोरगा ऐकून चक्कर येऊन पडला असता.

काटा पाचरीतून बाहेर आला. मी तबकडी त्याच्या हातातून अलगद काढून घेतली, वेष्टणात सरकवली आणि घसा साफ केला.

“हां,” मी म्हणालो. “काय म्हणत होतात तुम्ही?”